किती घेता?

पार्किंगमध्ये बसून सायकलचं गंजलेलं हँडल ॲल्युमिनियम फॉइलने घासत होतो. अंगात जुना टी-शर्ट, शेजारी पाण्याचा मग, हात काळे. तळमजल्यावरचे काका आले नि उभ्या उभ्या म्हणाले, "किती घेता?"

"काका, मी तिसऱ्या मजल्यावरचा."

"असं होय! भाडेकरू का?"

"नाही, स्वतःचा फ्लॅट आहे."

"मग हे असलं कशाला करताय?" आणि बसले की स्टूल घेऊन. स्टूल वॉचमनचं, तो बिचारा उभा.

मग चौकशी सुरू. "ही फॉइल पोळ्या गुंडाळायची ना?" मी म्हटलं हो काका, पण ॲल्युमिनियम हँडलवरच्या क्रोमच्या चकचकीत मुलाम्यापेक्षा मऊ असतं, चुरगळून पाण्यात बुडवून घासलं की गंज निघतो आणि क्रोमवर ओरखडे येत नाहीत, तारेच्या काथ्याने येतात. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिंच लावा. आमची देवाची भांडी चिंचेनेच निघतात."

"ती पितळेची असतात काका, हे लोखंड."

"धातू तो धातू. आमच्या सायकलला तीस वर्षांत गंजाचा ठिपका नव्हता."

"कुठेय ती?"

"भंगारात दिली."

इथवर मी हसतच होतो. पण मग काकांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि "हे बघा, आतून सडलंय" म्हणत नुकत्याच चमकलेल्या भागावर टोकाने करकरकर खरवडलं. अहो, तो क्रोमचा थर एक मायक्रॉनसुद्धा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागही नसतो! खाली निकेल, त्याखाली लोखंड, बारीक छिद्रांतून पाणी आत गेलं की तिथेच लाल ठिपके उठतात. वरचा गंज फॉइलने जातो, गेलेलं क्रोम काही परत येत नाही. परत निकेलचा मुलामा करून घ्यावा म्हणून मागे चौकशी केली होती तर तो मुलामा करणारा माणूस म्हणे एका हँडलसाठी कोण मुलाम्याची टाकी लावणार, नवीनच घ्या, स्वस्त पडेल. जुनी वस्तू नीट ठेवायची म्हटलं की अख्खं जग आपल्याला चिक्कू तरी समजतं नाहीतर रिकामटेकडा.

किल्ली खिशात घालून काका म्हणाले, "रंग मारून टाका सिल्व्हर, कळणार पण नाही." आणि गेले. त्या चऱ्यावर मी नुसतं मशिनचं तेल पुसलं, दुसरं काय करणार.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामे करू नयेत, पाण्याचा अपव्यय टाळावा." पाठवणारे कोण ते सांगायला नकोच. खाली अंगठ्यांची रांग, त्यात पहिला अंगठा रोज सकाळी पाइप लावून दोन गाड्या धुणाऱ्याचा. त्याला कोणी काही बोलत नाही, टँकरचे पैसे सगळे मिळून भरतो तरी. मेसेजसोबत पुरावा म्हणून फोटो जोडलाय, माझ्या मगाचा.