एचओडी व्हायच्या आधी काम शिकायचं कधी?

आपल्याकडे कॉलेजात डिपार्टमेंटचा हेड, म्हणजे एचओडी, कसा होतो? आधीचे सर रिटायर झाले, सिनियॉरिटीत पुढचा नंबर याचा, प्राचार्यांचं पत्र आलं, झाला हेड. शनिवारपर्यंत निवांत केमिस्ट्री शिकवणारा माणूस सोमवारी वर्कलोड, नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फायली आणि दोन सिनियर मॅडममधला जुना अबोला हे सगळं घेऊन बसतो.

ट्रेनिंग नाही असं नाही हां. २०१८ च्या शेवटी केंद्र सरकारने प्राध्यापकांच्या नेतृत्वासाठी लीप हा कार्यक्रम आणला, २०२३ पासूनच्या मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षणात तर आठातला एक विषयच अकॅडेमिक लीडरशिपचा. पण ऑनलाइन कोर्सला कॅमेरा बंद करून बसायचं नि सर्टिफिकेट सीएएसच्या, म्हणजे बढतीच्या, फायलीला लावायचं, यात लीडरशिप कुठनं येणार?

हेडचा कस लागतो तो कोकणातल्या जुलैत. घाटात दरड, एसटी बंद, लांबच्या वाडीतली पोरं प्रॅक्टिकलला नाहीत, त्यांची बॅच परत लावायची तर लॅब असिस्टंट कुरकुरणार. मग गणपती, तेव्हा वर्गात कोण येतंय! आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांची युनिव्हर्सिटी मुंबईत, तिथली परीक्षेची तारीख इथल्या पावसाला विचारून येत नाही. अशावेळी चार लोकांना बसवून निर्णय घ्यायचा, वर वेळेत कळवायचं आणि पोरांचं नुकसान होऊ द्यायचं नाही, हे पीपीटीत बघून येत नाही बाबा.

काही हेड मात्र सरळ खोत होतात, म्हणजे कोकणातले ते जुने सारा वसूल करणारे गावचे जमीनदार. बाबासाहेबांनी १९३७ लाच खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, १९४९ ला कायदा होऊन खोती गेली, पण स्टाफरूममधली कोण घालवणार? सकाळची चांगली लेक्चर्स स्वतःला, शनिवारचं शेवटचं प्रॅक्टिकल सीएचबीवाल्याला, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकाला.

माझं म्हणणं एवढंच, पुढे ज्याचा नंबर आहे त्याला वर्षभर आधीपासून जोडीला घ्या. टाइमटेबल त्याने लावावं, भांडणं त्याने ऐकावीत, खरेदीचे कोटेशन त्याने मागवावेत, चुकला तर हेड आहेतच सांभाळायला. आणि हेडलाही थोडे अधिकार द्या की, लॅबसाठी दोन ब्युरेट (मापाच्या काचनळ्या) घ्यायच्या तरी ऑफिसात सहीसाठी चार खेपा मारायच्या, मग तो लीडर कसला, निरोप्याच! (जुने सर खुर्ची सोडायच्या आधी काही शिकवतील का, हा प्रश्न वेगळाच.)

आणि हो, डिपार्टमेंटच्या मीटिंगला सीएचबीवाल्यांना पण बोलवा. कितीतरी ठिकाणी निम्मी लेक्चर्स तेच घेतात, आणि त्यांनाच बदललेलं टाइमटेबल व्हॉट्सअपवर कळतं.