सर्व्हर परदेशात म्हणून ॲप बेकायदा? तसं नाहीये
मालवणातल्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय की टीमच्या कामाचं ॲप घ्यायचं तर सर्व्हर भारतातच पाहिजे, नाहीतर २०२३ च्या डेटा कायद्याने दंड. चुकीचं आहे हे. परदेशात डेटा ठेवायला त्यात सरसकट बंदी नाही, सरकार ज्या देशांवर बंधन घालेल तेवढंच. दंड आहे तो सुरक्षेत हयगय केली तर, २५० कोटींपर्यंत, आणि ॲपवाल्याकडे बोट दाखवून आपली जबाबदारी टळत नाही. परवा आमच्याच ॲपमधल्या बुकिंगच्या बोर्डवर पाहुण्यांच्या आधारकार्डाचे फोटो, लिंक असेल त्याला सगळं उघडं, गेल्या सीझनला काम सोडून गेलेल्या पोरालासुद्धा, बघून धस्सच झालं. म्हणून ॲप घेताना ओटीपीचं डबल लॉगिन आहे का, कोणाला काय दिसतं, डेटा कायमचा पुसता येतो का, हे आधी विचारा.