भातखाचराची माती मेलेली नाही, तिला जेसीबी लावू नका

परवा मुळशीहून मामांचा फोन आला, "खाचर फोडून घ्यायचंय, जेसीबीवाल्याशी बोलणं झालंय." का म्हणून विचारलं, तर त्यांनी तो फिरता मेसेज पाठवला. कोथरूडमधल्या आमच्या दोन ग्रुपांवरही तोच आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भातखाचराची माती मेलेली, शेजारची वरकस, म्हणजे उतारावरची बिनबांधाची जमीन, जिवंत, पाणी साचून खाचर आम्लधर्मी होतं, म्हणून दरवर्षी चुना टाका, निळसर राखाडी रंग आणि वास म्हणजे माती कुजल्याची खूण, भाताशिवाय तिथे काही पिकत नाही, आणि खालचा कडक थर जेसीबीने फोडला की जमीन श्वास घेईल.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, याने खाचरच जाईल. वर्षानुवर्षं चिखलणी होते, बैलांचे पाय, नांगर आणि आता पॉवर टिलर यांचा दाब पडतो, त्यातून साधारण वीतभर खाली घट्ट थर बसतो. चिखलातले बारीक कण त्याच्या फटी बुजवतात. म्हणून पाणी सावकाश झिरपतं आणि पावसाने काही दिवस दडी मारली तरी भात तग धरतो. वरकस उतारावर ना हा थर, ना बांध. म्हणून तिथे नाचणी-वरई घेतात, आवणीचा भात नाही. हा थर म्हणजे खाचराचा तळ आहे. तो फोडल्यावर पाणी कशावर थांबणार? शिवाय जेसीबीने खालचा मुरूम वर येतो आणि पिढ्यांनी बांध घालून अडवलेली गाळाची माती त्याखाली गाडली जाते. ती परत वर कोण आणणार? मेसेज लिहिणाऱ्याने कधी चिखलात पाय घातला असेल असं मला वाटत नाही.

आता चुना. मूळचे श्रीलंकेचे आणि फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम केलेले मृदाशास्त्रज्ञ पोन्नमपेरुमा यांनी १९७२ साली पाण्याखालच्या मातीच्या रसायनावर सविस्तर लेख लिहिला. मृदाशास्त्र शिकताना आम्हाला तो चुकला नाही. त्यातली मुख्य गोष्ट अशी की पाणी भरल्यावर आम्लधर्मी मातीचा सामू (पीएच; आम्लता जास्त तितका हा आकडा कमी) चढतो, अल्कधर्मी मातीचा उतरतो आणि काही आठवड्यांत बहुतेक माती ६.५ ते ७ च्या आसपास येते. कारण प्राणवायू संपला की जिवाणू मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडवर काम भागवतात आणि त्यात आम्लता खर्ची पडते. म्हणजे मे महिन्यात वाळलेल्या नमुन्याचा सामू कमी दिसला, तरी श्रावणात उभ्या भाताच्या मुळांपाशी तो तेवढा राहत नाही. घाटमाथ्याकडची माती आम्लधर्मी झाली ती धुवाधार पावसाने चुनखडीसारखी द्रव्यं वाहून नेल्यामुळे, भातामुळे नाही. वरकसही त्याच पावसात भिजते, पण तिला पाण्याखालची ही दुरुस्ती मिळत नाही.

राखाडी रंगही त्याच लोहाचा. उपटलेल्या भाताची मुळं नीट बघा, त्यांच्यावर तांबूस गंजासारखा लेप असतो. भात स्वतःच्या पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत हवा नेतो, त्याची ती खूण. मेलेल्या मातीत असं काही घडत नाही. खाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र मातीत आणतं, हे पी. के. डे यांनी १९३९ सालीच दाखवलं. आणि पाण्याखाली पालापाचोळा हळू कुजतो, त्यामुळे खाचरात सेंद्रिय कर्ब शेजारच्या कोरड्या जमिनीपेक्षा सहसा जास्तच सापडतो.

"दुसरं काही पिकत नाही" यावर फार लिहीत नाही. मावळात, भोरला भात निघाल्यावर ओलीवर हरभरा, वाल, मसूर घेतात, ते जाऊन बघावं.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. चिखलणीने मातीची घडण मोडते, वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात आणि हरभऱ्याची उगवण कमी येते. पाण्याखाली जस्त पिकाला कमी मिळतं. मिथेनही निघतो. पाणी साचून जमीन बिघडते हेही खरं, पण ते नीरा कालव्याखालच्या काळ्या जमिनीत, जिथे पाऊस थोडा, निचरा नाही आणि क्षार वर येतात. मुळशीत पाऊसच क्षार धुऊन नेतो. तिकडचं दुखणं इकडच्या खाचराला चिकटवायचं, ही या मेसेजची खरी लबाडी.

मामांना विचारलं, मुळात ही फोडाफोड सुचली कशाने? म्हणाले, वरच्या खाचरात पाणी टिकत नाही. टिकणार कसं, बांध खेकड्यांनी पोखरलाय. जेसीबीवाल्याला त्यांनी नको म्हणून कळवलंय, आणि पावसाआधी भोकं बुजवून बांध थापायला मी दोन दिवस जाणार आहे.