आजींचं वरण बंद करू नका हो
आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतंय: अल्झायमर म्हणजे मेंदूत साठलेलं प्रोटीन, म्हणून साठीनंतर डाळ-अंडी-पनीर बंद, आईला झाला तर मुलांना होणारच, आणि ते सगळं संशोधनच खोटं निघालंय. सोडून दिलं असतं, पण काल वरच्या काकू आजींना नुसता ताकभात भरवत होत्या नि आजी ताटात बोट फिरवत "वरण कुठाय गं?" विचारत होत्या, मग राहवेना.

अहो, खाल्लेल्या डाळीचं आतड्यात अमिनो ॲसिड होतं, तुरीचं प्रोटीन जसंच्या तसं डोक्यात जाऊन बसत नाही. साठतं ते बीटा अमायलॉइड, आणि ते मेंदूतच तयार होतं. पेशींच्या आवरणात एपीपी नावाचं प्रोटीन असतं, दोन एन्झाइम त्याला दोन जागी कापतात आणि मधला तुकडा सुटतो, त्यातला ४२ अमिनो ॲसिडवाला जास्त चिकट, त्याच्या पेशींबाहेर गुठळ्या होतात. शिवाय पेशीच्या आत टाऊ असतं, एरवी आतल्या वाहतुकीचे रूळ सांभाळणारं, ते सुटून त्याचा गुंता होतो, आणि विसरण्याचं प्रमाण या गुंत्याशीच जास्त जुळतं. वरणाचा संबंध कुठे आला? उलट या आजारात वजन उतरतं, त्यात तुम्ही डाळ काढून घेताय!

"मुलांना होणारच" हे खरं कुणासाठी, तर एपीपी, प्रेसेनिलिन १ किंवा २ या जीन्समध्ये बिघाड असलेल्या घरांसाठी. तिथे प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी, आणि आजार बहुतेकदा पासष्टीच्या आतच सुरू होतो. पण असे पेशंट १ टक्क्याच्या आसपास. आजींचं ऐंशीनंतर सुरू झालंय. एपीओई-४ नावाच्या जीनची एक कॉपी असली तर धोका दोन-तीन पट वाढतो, पण ती असूनही होत नाही आणि नसूनही होतो, असे लोक भरपूर आहेत.

खोट्या संशोधनाचं मात्र अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. २००६चा 'नेचर'मधला एक गाजलेला पेपर, फोटोंमध्ये फेरफार निघाले, २०२४मध्ये मागे घेतला. पण तो अमायलॉइडच्या एका ठरावीक प्रकाराबद्दल होता. एपीपीचा जीन २१व्या क्रोमोसोमवर असतो, डाउन सिंड्रोममध्ये त्या क्रोमोसोमच्या तीन कॉपी, आणि त्यांच्या मेंदूत चाळिशीतच अमायलॉइड साठलेलं दिसतं. हे काय त्या फोटोंवरून ठरलं होय? अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या औषधाने १८ महिन्यांत पेशंटची घसरण २७ टक्के मंदावली, बरा कोणी झाला नाही आणि मेंदूत सूज-रक्तस्रावाचा धोकाही आहे, पण म्हणून सगळंच थोतांड?

काकूंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मेसेजखाली डॉक्टरांचं नाव होतं रे." संध्याकाळी वरून कुकरच्या चार शिट्ट्या ऐकू आल्या, भाताला त्या दोनच करतात.