‘एकास बारा पुस्तकात ठीक आहे’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, व्हीलचेअरच्या रॅम्पवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. बावीस वर्षं साइटवर काम केलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर दोन ओळीत ‘धन्यवाद’ टाकून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून जरा लांबण लावतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 1:12 चा उतार (एक इंच चढायला बारा इंच लांबी) पुस्तकात ठीक, डोंबिवलीतल्या जुन्या सोसायटीत तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट रॅम्प घालायचा म्हणजे पार्किंगचा बळी, तुम्ही अशा बिल्डिंगींना नऊ फुटात बसवून देता, वॉचमन ढकलतो, कुणाची तक्रार नाही. आणि मी उगाच ज्ञान पाजळतोय.

शेवटच्या वाक्याचं सोडून देतो.

‘तक्रार नाही’ हे तुम्हाला कोण सांगतं? कमिटी. खुर्चीत बसणारा माणूस नऊ फुटी रॅम्प बघतो आणि खाली यायचंच बंद करतो, तो कशाला तक्रार करेल! आमचे बाबा तसे सात महिने घरात होते. डायबेटिसमुळे डावा पाय गुडघ्याच्या वरून काढलाय त्यांचा, हात मात्र अजून दणकट, खुर्ची स्वतः चालवतात. ते आणि खुर्ची मिळून साधारण 85 किलो. तुमच्या नऊ फुटी, म्हणजे 1:6 च्या चढावर हे वजन जवळजवळ 14 किलोच्या जोराने मागे ओढतं, 1:12 ला तेच 7 किलो होतं. सात किलोशी बाबा एकटे झगडू शकतात, चौदाला वॉचमन लागतो, आणि वॉचमन रात्री दहाला पंप बंद करायला गेलेला असतो.

दुसरी गोष्ट मलाही आधी माहीत नव्हती. पाय नसला की पुढचं वजन कमी होतं, तोल मागे सरकतो. एका दवाखान्याच्या खड्या रॅम्पवर बाबांनी चाकाला जोर दिला आणि पुढची दोन छोटी चाकं अलगद हवेत गेली, मी मागे होतो म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. आता त्यांच्या खुर्चीला मागे उलटू नये म्हणून दोन बारकी चाकं लावलीत, मोठ्या चाकाचा एक्सल मागे घेतलाय, तरीसुद्धा खड्या चढावर मी त्यांना एकटं सोडणार नाही. आणि उतरताना तर ढकलणाऱ्यानेच उलटं चालत यायचं असतं, हे किती वॉचमनना सांगितलेलं असतं?

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते. पोस्टमध्ये मी ‘1:12 नाहीतर बांधूच नका’ असं ठोकून दिलं, ते चुकलंच. अमेरिकेच्या नियमातही जुन्या इमारतीत जागाच नसेल तर सहा इंच उंचीपर्यंत 1:10 आणि तीन इंचापर्यंत 1:8 चालतं. म्हणजे एका उंबरठ्यासाठी कुणी अंगण खोदायला नको. पण आपण बोलतोय तीन पायऱ्यांच्या अठरा इंचांबद्दल. तिथे जागा सरळ रेषेतच शोधायला पाहिजे असं कुठाय? आमच्याकडे भिंतीला लागून अकरा फूट, कोपऱ्यावर वळण, मग सात फूट, असं काटकोनात बसवलं. गेल्या त्या दोन स्कूटरच्या जागा, त्यातली एक माझीच.

वळणाबद्दल तुम्ही फोटो बघून जे म्हणालात ते मात्र अगदी बरोबर. पाच बाय पाच फूट सपाट जागा पाहिजे होती, मी चार बाय चार ठेवली, एक फूट वाचवायला. बाबांना तिथे तीनदा पुढे-मागे करावं लागतं आणि दर वेळी माझ्याकडे बघतात.

रॅम्पवर ग्रॅनाइट बसवायचा तुमचा सल्ला मात्र नाही ऐकणार. दिसायला झकास, पण जूनच्या पहिल्या सरीत त्याच्यावर चप्पलवालाही घसरतो. आम्ही कोबा ओला असताना खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, एवढंच. बेसमेंट पार्किंगला पाडतात तशा खोल खाचा नकोत, पुढची चाकं त्यात धडधडत जातात आणि ज्याचं कंबरेचं ऑपरेशन झालंय त्याला विचारा काय होतं ते. उघड्या बाजूला चार इंचाचा कठडा उचलला, चाक बाहेर जाऊ नये म्हणून. रेलिंग दोन्हीकडे.

कायद्याचं तुम्हीच काढलंत म्हणून, सरकारच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही 1:12 च आहे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरींच्या केसमध्ये सरकारला सांगितलंय की नुसत्या शिफारशींनी भागणार नाही, सक्तीचे नियम करा. त्यामुळे ‘पुस्तकी’ म्हणून फार दिवस टाळता येणार नाही.

बाकी एका गोष्टीत मला तुमचा खरोखर सल्ला हवाय. रॅम्प संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे पावसाळ्यानंतर पेव्हर खचले, जेमतेम पाऊण इंच, पण पुढचं चाक तिथे अडतं आणि बाबा पुढे फेकल्यासारखे होतात. सध्या सिमेंटची उतरती पट्टी मारलीय, ती दोनदा फुटली. खालून पीसीसी (साधं, सळईविना काँक्रीट) करून पेव्हर परत बसवायचे की तेवढा पट्टा कोब्याचाच करायचा? वळणाचं फोडकाम दिवाळीनंतर काढतोय, हेही त्यातच उरकेन म्हणतो.