"अझी पाचशेच्या दोनच द्या"

आज संध्याकाळी सिडकोत मेडिकलवर उभा होतो. पुढचे काका म्हणाले, "घसा खवखवतोय, अझी पाचशेच्या दोनच द्या." अझी म्हणजे अझिथ्रोमायसिन, जंतू मारणारं अँटिबायोटिक. दुकानदारानं कात्रीनं स्ट्रिप कापली आणि दोन गोळ्या हातावर ठेवल्या. चिठ्ठी नाही की विचारपूस नाही. पाकिटावरची 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको' सांगणारी लाल उभी रेघ काय नक्षी म्हणून छापतात?

मला आमची निफाडची मावशी आठवली. मागच्या वर्षी लघवीचं इन्फेक्शन, हुडहुडी भरून ताप. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते बघायच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तर एकेका गोळीच्या नावापुढे 'आर', 'आर', 'आर'. म्हणजे जंतू दाद देत नाही. शेवटी अ‍ॅडमिट करून सलाइनमधून मेरोपेनेम नावाचं जबर अँटिबायोटिक. आणि ही बाई सर्दीला आल्याच्या काढ्यापलीकडे काही घेत नाही हो!

लोक म्हणतात, "शरीराला औषधाची सवय होते." शरीराला नाही, जंतूंना! घसा बहुतेक वेळा व्हायरसमुळे धरतो, तिथे अझी काही करत नाही. पण पोटातले साधे जंतू मात्र मरतात. त्यातल्या एखाद्यात योगायोगानं असा बदल झालेला असतो की औषध आत शिरलं तरी तो बाहेर फेकतो. तो उरतो आणि मोकळ्या रानात वाढतो. ई. कोलाय हे पोटातले जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. वर औषधाला दाद न देण्याचा गुण असलेला, प्लाझमिड नावाचा डीएनएचा तुकडा शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. मग पाण्यातून, हातांतून तो कुणाच्याही पोटात जातो. मावशीच्याही, आणि तिथून लघवीच्या मार्गात.

गंमत म्हणजे मावशीच्या यजमानांची द्राक्षबाग आहे. भुरीवर, म्हणजे वेलीवरच्या बुरशीवर, एकच औषध सारखं मारायचं नाही, औषधाचा गट बदलायचा, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. स्वतःच्या तापाला मात्र मागच्या वेळची उरलेली गोळ्यांची पट्टी!

मान्य, हातावर पोट असलेल्याला डॉक्टरची फी आणि बुडालेला रोज परवडत नाही. कोर्स दर वेळी लांबलचकच हवा असंही नाही, हेही मान्य. पण ते डॉक्टरनं ठरवायचं, कात्रीनं नाही. कमी डोसनं जंतू निर्ढावतील, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 मध्ये नोबेलच्या भाषणातच सांगितलं होतं.

त्या काकांवर राग नाही खरं तर. घसा दुखत असेल बिचाऱ्यांचा. मी तरी कुठे काही बोललो! पण "आमच्या घरी वर्षानुवर्षं असंच चालतं, काही होत नाही" अशी कमेंट टाकणार असाल, तर आधी मावशीशी फोनवर बोला. नंबर इनबॉक्समध्ये देतो. बोलायला ती ऐकत नाही कुणाला.