खुलासा: ‘भुंग्याचा पत्रा’ मे महिन्यात हवेतून पाणी देणार नाही

लातूर-धाराशिवकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय: आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातल्या भुंग्याच्या पाठीसारखा पत्रा छतावर लावा, भर उन्हाळ्यात विजेशिवाय हवेतून घरापुरतं पाणी मिळेल. हे खरं नाही. पैसे भरण्याआधी एवढं वाचा.

भुंगा खरा आहे, संशोधनही खरं आहे. पार्कर आणि लॉरेन्स यांनी ते २००१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. पाठीवरच्या बारीक उंचवट्यांवर थेंब धरतात, मोठे झाले की मेणचट भागावरून घरंगळत तोंडाशी येतात. किती सुंदर रचना! पण ते पाणी धुक्याचं. नामिबच्या किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह वाहतो, म्हणून तिथे धुकं दाटतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धुकं कुठलं? हवेत थेंबच नसतील तर पत्रा धरणार काय?

राहिलं दहिवर. तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ दव होऊन जमू लागते ते तापमान, साधारण १३ अंश येतो. नुसत्या उंचवट्यांनी पत्रा उन्हात तेवढा गार होत नाही. त्याला यंत्र लागतं, वीज लागते.

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या तहानेवर कुणी अशी आशा विकतं, याची चीड येते. १००० चौरस फुटांच्या साध्या छतावर ७०० मिलिमीटर पावसात सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं थोडं वाया जाईल, जाऊ द्या. पत्र्याचे पैसे पन्हळ, गाळणी आणि हौदाला लावा.